ऑसिलेटरची निवड: कुपवाडमधल्या एका दहा-गिगाबिट स्विचचं प्रकरण

आमच्या स्विचच्या बोर्डावर चारेकशे सुटे भाग बसतात. त्यातला एक ज्वारीच्या दाण्याएवढा: ३.२ गुणिले २.५ मिलिमीटर, सहा पिनांचा, १५६.२५ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर, म्हणजे चिपला ठोका देणारं घड्याळ. तीन वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. संक्रांतीनंतर खरेदी बघणाऱ्या ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, हा तुमचा घड्याळवाला पार्ट बावीस आठवडे म्हणायलेत. पाडव्याआधी तीनशे बोर्ड द्यायचेत. काय करायचं?"

आम्ही सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नऊ जण आहोत. कारखान्यांसाठी पंखा नसलेले नेटवर्क स्विच करतो. आठ एसएफपी-प्लस (फायबरचं मोड्यूल बसवायचे) पोर्ट, प्रत्येक १० गिगाबिटचा. पंखा नाही, कारण भुसा आणि धूळ उडते अशा जागी पंखा वर्षभरातच बसतो. त्याच सुमारास एका साखर कारखान्यातून तक्रार होती: मिल हाऊसजवळच्या स्विचवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या पाकिटांची मोजणी) वाढतात, लिंक अधूनमधून पडते, आणि हे फक्त गाळप चालू असताना.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी दोन्ही गोष्टी एकत्र ऐकल्या आणि निकाल देऊन टाकला. "अहो, मिलचा हादरा बसतोय त्या क्रिस्टलला. मेम्स घ्या. हादऱ्याला दमदार असतंय, आणि चार आठवड्यांत मिळतंय. एका दगडात दोन पक्षी." मेम्स म्हणजे क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक असलेला ऑसिलेटर. त्याच्या माहितीपत्रकातही हेच लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

हा आकडा कुठून आला

१० गिगाबिट इथरनेटच्या तारेवर प्रत्यक्षात १०.३१२५ गिगाबिट धावतात, कारण दर ६४ बिटांमागे दोन बिटं जोडून ६६ पाठवली जातात. १५६.२५ ला ६६ ने गुणलं की १०.३१२५ येतात. चिपमधला पीएलएल आमच्या ऑसिलेटरचा ठोका घेतो, ६६ पट करतो आणि त्या तालावर बिटं सोडतो. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम ९७ पिकोसेकंद. ठोका पुढे-मागे झाला की बिटाची कड तेवढी सरकते.

इथे दोन गोष्टींची गल्लत कायम होते, आणि ती मिरजेत समजावून सांगणं सोपं जातं. तंबोऱ्याची तार दुपारच्या उन्हात उतरते, तो एक दोष. तार सुरात आहे, पण जवारी नीट बसली नाही म्हणून स्वर खरखरतो, हा दुसरा. पहिल्याला आमच्या धंद्यात स्थिरता म्हणतात आणि ती पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, अशी मोजतात. दुसरा तो जिटर, आणि तो पिकोसेकंदात मोजतात. १० गिगाबिट इथरनेटला पहिल्या दोषाची फारशी फिकीर नाही, प्रमाणकात ±१०० पीपीएमची मुभा आहे. साधा ±५० पीपीएमचा ऑसिलेटरही त्यात आरामात बसतो. खरा तोटा दुसऱ्या दोषाचा.

तापमानाचा मुद्दा मी लवकर निकालात काढला. नुसत्या सिलिकॉनची वारंवारता दर अंशाला सुमारे ३० पीपीएमने घसरते. मे महिन्यात आमच्या बंद पेटीत ऑसिलेटरजवळ ७८ अंश मोजलेत, म्हणजे २५ अंशांवरून कच्ची घसरण दीड हजार पीपीएमच्या वर. पण मेम्सच्या आतच तापमापक बसवलेला असतो. तो मेम्सच्या स्वतःच्या पीएलएलचा गुणक सतत दुरुस्त करत राहतो आणि बाहेर ±२५ पीपीएम किंवा त्याहून चांगलं मिळतं. खात्री करायला आम्ही शेजारच्या शेडमधल्या पावडर कोटिंगच्या भट्टीचा थर्मोस्टॅट एका रविवारी ८० अंशांवर आणला आणि बोर्ड आत ठेवून दिवसभर वाहतूक सोडली. क्वार्ट्झही टिकला, मेम्सही. विषय संपला.

कागदावरचे उमेदवार

मेम्सचे तीन वर्ग समोर होते. सायटाइम या मेम्स बनवणाऱ्या कंपनीच्या मालिकांवरून सांगायचं तर ९१२१ चा जिटर ०.६ पिकोसेकंद, ९३६६ चा ०.२३ आणि ९५०१ चा ०.०७. हे आकडे आरएमएस, म्हणजे एका प्रकारची सरासरी, आहेत, १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजलेले. चौथा उमेदवार होता दुसऱ्या कंपनीचा क्वार्ट्झ, कागदावर ०.२ च्या खाली. चिपची मागणी ०.३ पेक्षा कमी. म्हणजे ०.६ वाला आपोआप बाद.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली आमची ज्युनिअर म्हणाली, "सर, मग ०.०७ वालाच घेऊया ना. चांगला तो चांगला."

मी तिला फळ्यावर हिशेब मांडायला सांगितला. असे यादृच्छिक जिटर सरळ बेरजेने जुळत नाहीत. वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. चिपच्या आतल्या पीएलएलचा स्वतःचा जिटरच ०.४ पिकोसेकंद. त्यात ०.२३ मिसळला की ०.४६ होतो. ०.०७ मिसळला की ०.४१. लाख कोटी बिटांत एक चूक चालेल असं धरलं तर आरएमएसला साधारण १४ ने गुणतात. त्या हिशेबाने दोघांतला फरक पाऊण पिकोसेकंद. ९७ पैकी पाऊण, एक टक्काही नाही. आणि भावात मात्र दुप्पट-तिप्पट.

"पण २५ गिगाबिटला?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. तिथे दर २५.७८१२५, म्हणजे त्याच १५६.२५ ची १६५ पट, आणि एका बिटाला ३८.८ पिकोसेकंद. तिथे ०.२३ वाला एकटाच आठ टक्के खातो, ०.०७ वाला अडीच. त्या बोर्डाचं काम पुढच्या वर्षी आहे. तेव्हा तोच भाग घेऊ, जागा तीच आहे. आज नाही.

पुण्याची फेरी

फेज नॉइज, म्हणजे ठोक्यातला गोंगाट, मोजायचं यंत्र आमच्या आवाक्यात नाही. ओळखीतून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अर्धा दिवस मिळाला. पहाटे साडेचारला निघालो, पेठ नाक्यावर चहा घेतला, दहाला यंत्रापुढे.

आधी सुटे ऑसिलेटर, शांत लिनिअर सप्लायवर. क्वार्ट्झ ०.१९, मेम्स ०.२४. दोन्ही कागदाप्रमाणे, आणि क्वार्ट्झ थोडा सरस. मेम्सच्या आलेखावर काहीशे किलोहर्ट्झच्या आसपास हलका उंचवटा दिसतो. त्याचं कारण आतला पीएलएल. अस्सल क्वार्ट्झचा आलेख तिथे गुळगुळीत उतरतो. पहिल्या पिढीच्या मेम्सची बदनामी झाली ती या उंचवट्यामुळेच, आणि ती बदनामी अजून जुन्या इंजिनिअरांच्या डोक्यातून गेलेली नाही.

मग तेच दोन्ही आमच्या बोर्डावर, आमच्याच सप्लायवर. क्वार्ट्झच्या आलेखात बरोबर २.२ मेगाहर्ट्झवर एक खिळा उभा राहिला. उणे ६६ डीबीसी, म्हणजे मुख्य वारंवारतेच्या शक्तीपेक्षा ६६ डेसिबल खाली. लॅबमधले सर नुसतं बघून म्हणाले, "तुमचा बक कन्व्हर्टर २.२ वर चालतो ना?" चालतो. व्होल्टेज उतरवणारा हा भाग इतक्या वेगाने चालला की इंडक्टर लहान बसतो, म्हणून आम्हीच तो निवडला होता.

या एका खिळ्याचा हिशेब: उणे ६६ म्हणजे शक्तीत अडीच कोट्यंशांच्या आसपास. दोन्ही बाजूंचे खिळे धरून दुप्पट करायची, वर्गमूळ काढायचं आणि ते १५६.२५ मेगाहर्ट्झच्या २π पटीने भागायचं. उत्तर ०.७२ पिकोसेकंद. ०.१९ चा क्वार्ट्झ आमच्या बोर्डावर ०.७५ चा झाला होता. चिपची मर्यादा ०.३. तीन वर्षं आम्ही मर्यादेच्या अडीच पटीवर माल विकत होतो.

त्याच जागी मेम्स बसवला तर खिळा उणे ८२ वर, म्हणजे ०.११, आणि एकूण ०.२७. आतल्या रेग्युलेटरमुळे सप्लायचा गोंगाट त्याला कमी लागतो. त्या घटकेला मला निकाल लागल्यासारखं वाटलं. अण्णांना फोनही केला. तो फोन थोडा थांबून करायला हवा होता.

दोन चाळण्यांमधली फट

परतीच्या वाटेवर ज्युनिअरने विचारलं, "सर, ०.७५ होता तर मग एवढी वर्षं लिंक चालली कशी?"

याचं उत्तर १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातच दडलंय. हा पट्टा जुन्या सोनेटच्या, म्हणजे टेलिफोन जाळ्याच्या काळातला आहे. इथरनेटला तो जसाच्या तसा लागू नाही, पण सगळ्या डेटाशीटांत तोच छापलेला असतो, म्हणून सगळे त्यावरच तुलना करतात. प्रत्यक्षात ऑसिलेटरचा गोंगाट दोन चाळण्यांतून जातो. पहिली म्हणजे पाठवणाऱ्या चिपचा पीएलएल. तो आपल्या बँडविड्थच्या वरचं अडवतो, आमच्या चिपमध्ये ही हद्द काही मेगाहर्ट्झवर आहे. दुसरी पलीकडच्या टोकाची, बिटांमधून ठोका परत काढणारी. १० गिगाबिटला ती सुमारे ४ मेगाहर्ट्झखालची हालचाल पाठोपाठ जाऊन निभावून नेते. हालचाल जितकी संथ, तितकी जास्त माफ.

म्हणजे मधली एक अरुंद फट उरते, आणि २.२ मेगाहर्ट्झ त्या फटीच्या तोंडाशीच आहे. तिथे दुसरी चाळणी निम्म्याच्या आसपास कापते. ०.७२ चे ०.३५ उरतात. लिंक मरत नाही, फक्त मार्जिन खाल्लं जातं. चांगली केबल आणि चांगले मोड्यूल असले की कळतही नाही.

हेच गणित अण्णांच्या हादऱ्याला लावून बघा. मिलचा हादरा दहा-वीस हर्ट्झचा, मोटारींचा फार तर शंभराच्या घरात. क्वार्ट्झला हादऱ्याने बाजूचे खिळे नक्की फुटतात. एका 'जी'ला (गुरुत्वाकर्षणाएवढ्या हादऱ्याला) २ पीपीबी, म्हणजे अब्जात दोन भाग, अशी संवेदनशीलता धरली तर १०० हर्ट्झला उणे ५६ डीबीसी येतात. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण १०० हर्ट्झची हालचाल पलीकडची चाळणी डोळे मिटून निभावते. वेळेचं अचूक समक्रमण करणाऱ्या किंवा रेडिओच्या उपकरणात हादरा हा जिवंत प्रश्न आहे. आमच्या साध्या १० गिगाबिट लिंकमध्ये नाही. माहितीपत्रकातलं ते पान आमच्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोर्डाचं रेखाटन उघडलं. ऑसिलेटरची सहावी पिन थेट ३.३ व्होल्टच्या मुख्य थराला जोडलेली, शेजारी ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर. बस. हे रेखाटन माझंच. गोंगाट अडवणारी फेराइट बीड लावावी असं पहिल्यांदा मनात येतं, पण तिचे ६०० ओहम असतात ते १०० मेगाहर्ट्झला. दोनवर तिच्यात फारसा दम नसतो, शिवाय कपॅसिटरशी जोडी जमून खालच्या वारंवारतेला ती स्वतःच घुमू शकते. म्हणून मुद्दाम साधा १ ओहमचा रेझिस्टर आणि २२ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर. ७० मिलिअँपिअरला ७० मिलिव्होल्ट पडतात, ते चालतात. खर्च चहाच्या अर्ध्या कपाइतका.

बोर्डावरची तार कापून हे बसवलं आणि पुन्हा पुण्याला गेलो. क्वार्ट्झ ०.२०, मेम्स ०.२५. खिळा दोघांच्याही आलेखात गोंगाटाखाली बुडालेला. जिटरवर निवड करायची म्हणून एवढा खटाटोप केला, आणि शेवटी जिटरच्या बाबतीत दोघेही पास.

एक अक्षर

तोवर ताईंनी मेम्सचे वीस नमुने मागवले होते. मेम्स कारखान्यात प्रोग्राम होतो, त्यामुळे वारंवारता, व्होल्टेज, आउटपुटचा प्रकार हे सगळं ऑर्डर कोडच्या एकेका अक्षरात बसलेलं असतं. तो कोड मी रात्री मोबाईलवरून पाठवला होता.

नमुने बसवले. एकही पोर्ट उठेना. स्कोप लावला तर आउटपुटवर धड लाटच नाही, नुसती थरथर. तासाभराने पाकिटावरचा कोड डेटाशीटशी ताडून पाहिला. आउटपुटचे हे दोन वेगळे प्रकार: आमच्या बोर्डावर होतं एलव्हीपेकल आणि मी मागवलं होतं एलव्हीडीएस. एलव्हीपेकलच्या प्रत्येक आउटपुटला जमिनीकडे जाणारा १५० ओहमचा रेझिस्टर लागतो, त्याशिवाय ते चालत नाही. एलव्हीडीएसला तो नको असतो. त्याची ताकद साडेतीन मिलिअँपिअर, मधली पातळी सव्वा व्होल्ट, आणि आमचे १५० ओहम प्रत्येक पायातून आठ मिलिअँपिअर ओढू पाहत होते. बिचारा गळा दाबल्यासारखा झाला होता.

मायक्रोस्कोपखाली दोन्ही १५० ओहम उचलले. खसखशीच्या दाण्याएवढे ते भाग ज्युनिअरने गरम चिमट्याने एकेका झटक्यात काढले, माझा हात आता तेवढा स्थिर नाही. पुढे चिपपर्यंत ०.१ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर होतेच आणि १०० ओहमचं टर्मिनेशन चिपच्या आत. आठही पोर्ट उठले. पुन्हा मोजलं तर जिटरमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही, उलट रेझिस्टरांतून वाहणारे पंचवीसेक मिलिअँपिअर वाचले. पंखा नसलेल्या पेटीत तेही हवेच असतात. चूक तशीच ठेवली, पुढचे तीनशे एलव्हीडीएसच मागवले.

आणखी एक खोच. आउटपुट चालू-बंद करायची पिन कुणी पहिल्या पायावर देतं, कुणी दुसऱ्या. नव्या रेखाटनात दोन्ही पायांना शून्य ओहमची जागा ठेवलीय, म्हणजे त्याच खळ्यात, बोर्डावरच्या त्याच जागेत, कुणाचाही भाग बसेल.

मग मेम्सच का

फेब्रुवारीत मी स्वतः त्या साखर कारखान्यात गेलो. स्विच बदलला, एरर तसेच. फायबरच्या टोकाला तपासणीची दुर्बीण लावली तर काचेवर बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) तुसा आणि त्यावर चिकट थर. गाळप सुरू असताना हवेत भुसा, आणि तिथल्या मुलाने दारामागे टांगलेला पॅच कॉर्ड बिनटोपणाचा. टोक पुसलं, एरर शून्य. ऑसिलेटर पहिल्यापासून निर्दोष होता. अण्णा एवढंच म्हणाले, "असू द्या. त्या निमित्तानं तुमचा खिळा तर सापडला."

हादरा गेला, तापमान गेलं, जिटर बरोबरीत. उरली उपलब्धता, आणि मेम्स तिच्यावर जिंकला. उच्च वारंवारतेचा क्वार्ट्झ त्या-त्या वारंवारतेसाठी कापून घडवावा लागतो. मेम्समध्ये एकच सिलिकॉन, वारंवारता नंतर भरायची. म्हणून बावीस आठवड्यांऐवजी चार. ताईंना मात्र एक शंका होती, आणि ती बरोबर होती. "हे करणारे किती जण आहेत, सर? उद्या एकच दुकान उरलं तर?" मेम्स ऑसिलेटरचे मोठे उत्पादक खरोखर बोटांवर मोजण्याइतके. डिसेरा या मेम्सवाल्या कंपनीला २०१३ मध्ये मायक्रेलने घेतलं, मायक्रेलला २०१५ मध्ये मायक्रोचिपने. पण क्वार्ट्झवाले शंभर दिसले तरी त्यांच्यामागेही कधीकधी एकच दुकान असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथला असाही कासेईचा चिप कारखाना जळाला आणि तापमान-भरपाईवाल्या क्वार्ट्झ ऑसिलेटरांची वानवा झाली, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्रिस्टलांना आतली चिप तिथूनच जायची. म्हणून दोन्ही चालतील असं एकच खळं ठेवणं हाच आमच्या हातातला विमा.

हा विमा अपेक्षेपेक्षा लवकर कामी आला. मिरजेच्या एका निदान केंद्राने सहा स्विच मागितले. त्यातले दोन एमआरआयच्या तांत्रिक खोलीत बसणार होते. एमआरआयचा चुंबक द्रवरूप हेलियमने थंड ठेवतात. हेलियमचा अणू इतका बारीक की काही मेम्स भागांच्या आवरणातून झिरपून आतल्या निर्वात पोकळीत शिरतो आणि कंपकाचं कंपन दाबतो. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका रुग्णालयात नवा एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि इमारतीतले कितीतरी आयफोन बंद पडले. त्यात घड्याळासाठी मेम्स होता. बरेचसे काही दिवसांनी आपोआप सुरू झाले, झिरपलेला हेलियम हळूहळू बाहेर पडला म्हणून. आम्ही पुरवठादाराला लेखी विचारलं. या मालिकेला तो त्रास नाही, असं उत्तर आलं. उत्तरावर माझा अविश्वास नाही, पण ते तपासायला माझ्याकडे हेलियमचा सिलिंडरही नाही.

त्या दोन स्विचमध्ये जुन्या साठ्यातले क्वार्ट्झ बसवले. तेच खळं. एलव्हीपेकल असल्यामुळे काढलेले १५० ओहम परत लावले. झाकणाच्या आत मार्करने 'क्वार्ट्झ, एमआरआय खोली' असं लिहिलं आणि ताईंनी त्यांची नोंद वेगळ्या पानावर केली. बाकीच्या चारांत आणि पाडव्याआधी गेलेल्या तीनशेंत मेम्स आहे. ऑर्डर कोडचा छापील कागद ताईंच्या टेबलावर काचेखाली आहे, त्यातल्या आउटपुटच्या अक्षराभोवती लाल गोल. आता कोड मी मोबाईलवरून पाठवला तर त्या तो घेत नाहीत.